यंत्र रुग्णालयाचें, किल्ली कारखानदाराची

श्वसनयंत्रांत काय असतें? हवेच्या व प्राणवायूच्या नळ्या, झडपा, दाब मोजणारीं साधनें आणि या सर्वांना हुकूम देणारी संगणकाची आज्ञावली. झडप बिघडली तर रुग्णालयांतील जाणता कारागीर ती बदलूं शकतो. परंतु आज्ञावलीला नव्या भागाची ओळख पटविल्याखेरीज कांहीं यंत्रें चालूंच होत नाहींत, आणि ती ओळख पटविण्याची किल्ली कारखानदार आपल्याकडे ठेवतो. पैसे मोजून घेतलेलें यंत्र उघडण्याचा हक्क रुग्णालयाला आहे काय, हा वाद अमेरिकेंत यांतूनच उभा राहिला.

त्याचें मूळ १९९८ च्या एका कायद्यांत आहे. पुस्तकें, गाणीं व चित्रपट यांच्या चोरट्या नकला होऊं नयेत म्हणून संगणकीय कुलूप तोडणें त्यानें बेकायदा ठरविलें. आज्ञावली हेंहि एक लेखनच. तेव्हां श्वसनयंत्राचें कुलूपहि त्याच कलमाखालीं आलें! अपवाद मंजूर करण्याचा अधिकार दर तीन वर्षांनीं काँग्रेस ग्रंथालयाच्या ग्रंथपालाकडे येतो. अतिदक्षता विभागांतील यंत्र कोणीं उघडावें, हें ठरवावयाचें ग्रंथपालानें!

कारखानदारांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. चुकीची दुरुस्ती रोग्याच्या जिवावर बेतूं शकते. तथापि तेथील अन्न व औषध प्रशासनानें मे २०१८ मध्यें अहवाल दिला, तेव्हां बाहेरच्या कारागिरांमुळें व्यापक धोका आहे असें म्हणण्यास पुरेसा पुरावा आढळला नाहीं. उलट असे कारागीर आरोग्यव्यवस्थेस आवश्यक आहेत, असेंच त्यांत नमूद झालें.

मग २०२० सालीं कोविडची सांथ आली. श्वसनयंत्रांची वाण पडली. कारखान्याचा माणूस येईपर्यंत वाट पाहण्यास सवड कोणाला होती? कॅलिफोर्नियांतील आयफिक्सिट या कंपनीनें ग्रंथपाल व स्वयंसेवक यांच्या साहाय्यानें १३,००० हून अधिक माहितीपुस्तिका जमवून मे महिन्यांत विनामूल्य खुल्या केल्या. यंत्राबरोबरच हातीं यावयाचें ज्ञान असें दारोदार वेंचावें लागलें.

ऑगस्टमध्यें सेनेटर रॉन वायडन व प्रतिनिधी इव्हेट क्लार्क यांनीं दुरुस्तीच्या हक्काचें विधेयक मांडलें. तें संमत झालें नाहीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें मात्र ग्रंथपाल कार्ला हेडन यांनीं वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीस अपवाद मंजूर केला. कारखानदारांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयांत गेल्या. कुलूप उघडण्याची मुभा तर मिळाली. पण किल्ली देण्याचें बंधन कारखानदारावर त्या अपवादानें आलें नाहीं, आणि तशी किल्ली घडवून दुसऱ्या रुग्णालयास विकणें पूर्वींप्रमाणेंच निषिद्ध राहिलें.