भाषापालट (मुंबई)

एकाच संभाषणात, पुष्कळदा एकाच वाक्यात, एका भाषेतून दुसरीत जाण्याची बोलणाऱ्याची रीत. भाषाविज्ञानात ‘कोड-स्विचिंग’ ही संज्ञा रूढ.

मुंबईच्या बहुभाषिकतेचे अभ्यासकांत सर्वपरिचित वर्णन प्रबोध पंडित यांचे. पुणे विद्यापीठाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या व्याख्यानांत मुंबईत स्थायिक झालेला एक गुजराती मसाला-व्यापारी येतो : घरी गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, व्यापाऱ्यांत कच्छी व कोकणी, क्वचित औपचारिक प्रसंगी इंग्रजी. येथे प्रत्येक भाषेची जागा ठरलेली आहे. जॉन गंपर्झ व यान-पेटर ब्लोम (१९७२) यांनी अशा प्रसंगानुसारी पालटापासून दुसरा प्रकार वेगळा काढला : प्रसंग तोच, माणसे तीच, पण भाषा बदलून बोलणारा नात्याचा सूर बदलतो. बँकेच्या काउंटरवर खात्याचे काम हिंदीत चालू असते. आडनाव वाचून कारकून ‘गाव कुठलं तुमचं?’ असे विचारतो, तो हा प्रकार. आडनाव कळलेच नाही, तर दोन मराठी माणसे शेवटपर्यंत हिंदीतच बोलतात, ही शहराची जुनी तक्रार. अनोळखी माणसाशी हिंदी, हे येथे अंगवळणी पडले आहे.

भाषा नीट येत नाही म्हणून माणूस पालट करतो, हा समज टिकत नाही. न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वस्तीचा अभ्यास करून शाना पॉपलॅक (१९८०) यांनी दाखवले, की दोन्ही भाषांवर पकड असलेलेच वाक्याच्या पोटात अधिक पालट करतात. त्यालाही नियम असतात. ‘फाइल फॉरवर्ड केली’ यात क्रियेचा अर्थ इंग्रजी शब्दाचा. काळ, लिंग, वचन मात्र ‘करणे’ सांभाळते, आणि फाइल स्त्रीलिंगी ठरवली ती मराठीने. जुने उसने शब्द सामान्यरूप घेतात : कोर्टात, बँकेत, टेबलावर. नवे बहुधा तसेच राहतात : लॅपटॉपवर, मीटिंगला. उसनवारी आणि पालट यांतला फरक ओळखायला ही खूण बरी, पण पक्की नव्हे. इतकी जुनी होऊनही ‘ट्रेनेत’ कोणी बसत नाही.

सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ व रॉबर्ट विल्सन (१९७१) यांना मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आलेली आढळली, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. मुंबईत मराठी, गुजराती, हिंदी इतक्या एकरूप झालेल्या नाहीत. बंबय्या हिंदीने मात्र ‘वाट लगना’सारखे वाक्प्रचार मराठीतून सरळ उचलले.