'बरी आहे' या उत्तराचा इतिहास

बरेच जण विचारतात, "तुझ्या पीएचडीत नक्की करतेस काय?" खरं सांगायचं तर मी एका साध्या प्रश्नाच्या मागे लागले आहे: 'तुमची तब्येत कशी आहे?' ऐंशी-नव्वदीच्या माणसांना हा प्रश्न विचारला की जे उत्तर येतं, त्यावर किती विश्वास ठेवायचा, याबद्दल अभ्यासक गेली ऐंशी वर्षं वाद घालत आहेत. त्या वादाची गोष्ट आज सांगते.

सुरुवात बंगालमधून करू. १९४३ च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, अखिल भारतीय आरोग्य संस्थेने कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात पाहणी केली. त्यात विधवा आणि विधुर दोघांनाही तब्येतीबद्दल विचारलं होतं. 'आजारी' किंवा 'जेमतेम' असं सांगणाऱ्या विधुरांचं प्रमाण ४८.५ टक्के होतं. आणि विधवांचं? फक्त २.५ टक्के! नुसत्या 'जेमतेम' या रकान्यात तर एकही विधवा नव्हती.

आता तुम्हीच सांगा, त्या काळातल्या बंगालमध्ये विधवांची प्रकृती खरंच पुरुषांपेक्षा इतकी ठणठणीत असेल का? पुढे अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुन्हा उजेडात आणले. त्यांचं म्हणणं असं, की ज्या माणसाला आपल्या वाट्याला काही यावं अशी अपेक्षाच उरलेली नाही, ते तक्रारही करत नाही. २००२ मध्ये त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं. भारतात सर्वाधिक आयुर्मान असलेल्या केरळात लोक आजारपणं जास्त सांगतात आणि मागे पडलेल्या बिहारमध्ये कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला, की दुखण्याला नाव मिळतं. नाहीतर 'असायचंच' म्हणून सोडून दिलं जातं.

म्हणजे उत्तर बिनकामाचं? थांबा, इतक्यात निकाल देऊ नका.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वृद्धांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. जॉर्ज मॅडॉक्स या समाजशास्त्रज्ञाने वृद्धांचं स्वतःबद्दलचं मत आणि डॉक्टरांचं मत शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही जुळलं नाही, तर चूक वृद्धांचीच असणार, असं तोवर धरलं जायचं. पण १९७३ मध्ये त्याने आणि एलिझाबेथ डग्लसने दाखवलं, की डॉक्टरांच्या आजच्या मतावरून वृद्धाच्या उद्याच्या मताचा जितका अंदाज येतो, त्यापेक्षा वृद्धाच्या आजच्या मतावरून डॉक्टरांच्या उद्याच्या मताचा अंदाज जास्त चांगला येतो.

१९८२ मध्ये कॅनडातून पुढचा पुरावा आला. मॅनिटोबा प्रांतातल्या पासष्टीपुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, तब्येत 'वाईट' म्हणणाऱ्यांचा लवकर मृत्यू होण्याचा धोका 'उत्तम' म्हणणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. तोही वय, आजार वगैरे हिशेबात धरल्यानंतर! आपल्या शरीराची काही खबर माणसाला असते, जी तपासणीत सापडत नाही.

मग सेन बरोबर की कॅनडावाले? माझ्या मते दोघंही. ज्यांच्या अपेक्षा साधारण सारख्या आहेत अशा माणसांमध्ये हा प्रश्न चांगला चालतो. पण वेगळ्या आयुष्यांची तुलना करायला गेलं, की तोच प्रश्न फसवतो. आणि आपल्याकडे अतिवृद्ध स्त्रियांमध्ये बहुसंख्य विधवा आहेत, हे विसरून कसं चालेल?

मनाच्या बाबतीत तर अजून गुंता आहे. झोप लागत नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही, ही नैराश्याची लक्षणं. पण नव्वदीत ती नुसत्या वयामुळेही असतात! म्हणून १९८२-८३ मध्ये जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी नैराश्याची ३० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली केली. त्यात शारीरिक तक्रारी मुद्दाम टाळल्या आणि उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही' अशी ठेवली.

तरी खूप म्हाताऱ्या माणसांपर्यंत संशोधन पोहोचलं उशिराच. १९९० मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या अभ्यासाने सत्तरीपासून शंभरीपुढचे ५१६ लोक निवडले, प्रत्येक वयोगटात ४३ स्त्रिया आणि ४३ पुरुष. असं ठरवून केलं नाही तर नव्वदीचे पुरुष हाताला लागतच नाहीत. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये 'लासी' या पाहणीची पहिली फेरी झाली. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या या पाहणीची मुख्य जबाबदारी मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होती. पण एक मोठी अडचण सगळीकडेच आहे. ज्याला स्वतः उत्तर देता येत नाही, त्याच्या वतीने घरचं माणूस बोलतं, आणि घरच्यांना मनःस्थितीचे प्रश्न सहसा विचारत नाहीत. म्हणजे सर्वांत थकलेली माणसं आकड्यांतून गळतात.

हे सगळं वाचत असताना माझ्या घरातच एक धडा मिळाला. आजी ९१ वर्षांची. डॉक्टर घरी आले, "आजी, कशा आहात?" म्हणाले. "बरी आहे हो. माझं काय, चाललंय." रक्तदाब ठीक, डॉक्टर गेले. मीही निर्धास्त. चार दिवसांनी मेथी निवडता निवडता मी सहज विचारलं, "आजी, दुपारी तुझा वेळ कसा जातो गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं बघ."

तिचं 'बरी आहे' खोटं नव्हतं. ते सिंगूरच्या बायकांचं 'बरी आहे' होतं. मी त्यांचे आकडे महिनोन् महिने वाचत होते, आणि घरातलं उत्तर मात्र जसंच्या तसं मान्य केलं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. उपचार चालू आहेत.

तुमच्याही घरात 'चाललंय' म्हणणारं कुणी असेल. ते उत्तर ऐका, पण त्यावर थांबू नका. भाजी निवडायला घ्या आणि दुसरा प्रश्न विचारा.