बेचाळीसची गुप्त नभोवाणी

पारतंत्र्याच्या इतिहासात गोळीबारांची नोंद होते, तुरुंगांची होते. परंतु बातमी कोंडून ठेवणाऱ्या सत्तेची, आणि त्या कोंडीतून तिला बाहेर काढणाऱ्या माणसांची नोंद तितक्या अगत्याने होत नाही. खानदेशापुरते पाहिले तरी हेच दिसते. शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ रोजी सरकारी खजिना लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते व खानदेशातील त्यांचे सहकारी ह्यांनी केलेले हे धाडस आमच्या भागात आजही अभिमानाने सांगितले जाते. त्याच्या दीड वर्ष आधी मुंबईत एक निराळाच खजिना फोडला गेला होता. तो पैशाचा नव्हता, दडवलेल्या वार्तांचा होता. त्याचे स्मरण मात्र आम्हांस क्वचितच होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, ‘हरिजन’ पत्र बंद पाडण्यात आले आणि इतर पत्रांवर कडक निर्बंध आले. नभोवाणी तर सरकारच्याच हाती. १९३३ च्या कायद्यान्वये साधे श्रवणयंत्र घरी ठेवावयाचे तरी परवाना लागे. मग प्रक्षेपक यंत्र बाळगणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. अशा वेळी उषा मेहता ह्या बावीस वर्षांच्या तरुणीने आणि विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृती सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. २७ ऑगस्ट रोजी, हिंदुस्थानातील कोठल्याशा ठिकाणाहून आपण बोलत आहो असे सांगत, ४२.३४ मीटरांवर त्याचा आवाज उमटला.

यंत्र एका जागी फार दिवस ठेवणे शक्य नव्हते. पोलिसांच्या शोधक गाड्या लहरींचा माग काढीत फिरत. म्हणून चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी असे बिऱ्हाड सारखे हलत राहिले. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन ह्यांच्यासारखे भूमिगत पुढारी ह्या कामामागे होते. परंतु आमच्या मते ह्या केंद्राचे खरे बळ भाषणांत नव्हते, वार्तांत होते. चितगावावरील हवाई हल्ला, जमशेटपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार ह्या गोष्टी छापण्याची सोय वृत्तपत्रांस राहिली नव्हती. त्या ह्या केंद्राने उघड सांगितल्या.

ह्याचे मोल समजण्यास नंदुरबार आठवावे. शिंदखेड्याच्याच लोहमार्गावरील हे गाव. केंद्र सुरू झाल्यापासून तेराव्या दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेथे मुलांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा ह्यांनी प्राण दिले. गावचा गोळीबार गावापुरताच राहावा, शेजारच्या तालुक्यास तो अफवेसारखा वाटावा, हाच दडपशाहीचा हेतू असतो. एकट्या पडलेल्या गावाचे धैर्य लवकर खचते. आपल्यासारखेच दुसरेही कोणी उभे आहे, हे कळले की तेच धैर्य टिकते. यंत्र दुबळे होते, श्रोते थोडे होते, हे आम्हांस मान्य आहे. पण ऐकणाराने दहांस सांगितले, की तेथून पुढे यंत्राची गरज उरत नसे.

शेवट फितुरीने झाला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्राच्याच एका तंत्रज्ञाकडून पोलिसांस ठिकाण कळले आणि महालक्ष्मीच्या ‘पॅराडाइज’ बंगल्यात प्रक्षेपण चालू असता ते आत शिरले. अवघ्या अडीच महिन्यांचे हे आयुष्य. खटल्यात खाकर ह्यांस पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची, तर झवेरी ह्यांस एक वर्षाची शिक्षा झाली. उषाबेन १९४६ साली येरवड्याहून सुटल्या. १९९८ मध्ये त्यांस पद्मविभूषण मिळाले; २००० साली त्या निवर्तल्या.

एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. ह्या केंद्राचा सर्वांत एकाग्र श्रोता सरकारच होते. पोलिसांचे लेखक रोज रात्री प्रत्येक शब्द टिपून घेत, आणि हीच टिपणे पुढे न्यायालयात पुराव्यादाखल आली. ज्यांनी तो आवाज बंद केला त्यांच्याच दप्तरात तो जपला गेला. आज अभ्यासकांस ती भाषणे वाचावयास मिळतात ती त्यामुळेच.

पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. गिरगावच्या त्या भाड्याच्या खोल्यांत हे तत्त्व अर्धशतक आधीच आचरणात आले होते. चिमठाण्याच्या वाटेने जाताना खजिन्याची आठवण जरूर व्हावी. पण वार्तेवर पहारा बसतो तेव्हा पैशाहून मोठे काही लुटले जात असते, हेही आम्ही विसरता कामा नये.