पावावरचा संशय

जेवण झाले, घटकाभरात पोटात मुरडा आला आणि ढाळ लागले, की आपण म्हणतो, "काहीतरी बाधले." मग शोध सुरू होतो. लग्नातली बासुंदी, बाजारातली भजी, शिळा भात, परगावचे पाणी; संशय जातो तो पाहुण्या पदार्थावर. रोज ताटात पडणाऱ्या अन्नावर कोणी संशय घेत नाही, आणि बहुधा ते बरोबरच असते. पण वैद्यकाच्या इतिहासात एक दुखणे असे आहे की त्यातला चोर घरातलाच होता. आणि घरातला होता म्हणूनच तो शतकानुशतके सापडला नाही.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत आरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने या दुखण्याचे वर्णन करून ठेवले आहे. खाल्लेले अन्न न पचता बाहेर पडते आणि रोगी झिजत जातो, असे त्याने लिहिले. पोटाला ग्रीक भाषेत 'कोइलिया' म्हणतात; त्यावरून या विकाराला पुढे 'सीलिअ‍ॅक' हे नाव पडले. आपल्या आयुर्वेदातही 'ग्रहणी' म्हणून अपचनाचा असाच चिवट विकार सांगितलेला आहे; मात्र तो आणि हा एकच, असे म्हणणे धाडसाचे होईल.

१८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युएल गी या डॉक्टरने या विकारावर व्याख्यान दिले. ते पुढच्या वर्षी छापले गेले. हा विकार कोणत्याही वयात होतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांना विशेष, हे त्याने ओळखले होते. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट मात्र नगाऱ्यासारखे, आणि फिकट, फेसाळ, पुष्कळ शौच! रोगी बरा व्हायचाच तर तो पथ्यानेच होईल, असे त्याने सांगितले. एका मुलाला रोज शेरभर हॉलंडचे शिंपले खायला घातले, तेव्हा ते चांगले बाळसे धरू लागले. हंगाम संपला आणि दुखणे उलटले. पुढच्या वर्षी ते मूल शिंपल्यांना तोंड लावीना!

इतक्या जवळ येऊनही गीचा नेम चुकला. त्याने तांदूळ आणि साबुदाणा वर्ज्य ठरवले, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाला परवानगी दिली. निरपराध्याला शिक्षा झाली आणि चोर ताटात राहिला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हासने केळ्यांचा आहार सुरू केला. मुले सुधारली; श्रेय केळ्याला मिळाले. त्याच पथ्यात पाव बंद होता, याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते आले विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाच्या. १९३६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच सुमारास एका तरुण आईने असे सांगितले म्हणतात, की पाव बंद केला म्हणजे माझ्या मुलाचा त्रास कमी होतो. अशी वाक्ये दवाखान्यात रोज कानांवर पडतात आणि विसरली जातात. हे वाक्य मात्र वाया गेले नाही. डिकेने मुलांना गव्हावाचून ठेवून पाहण्यास प्रारंभ केला, आणि १९४१ मध्ये त्या पथ्याविषयी लेखही लिहिला.

मग युद्धाचा शेवटचा हिवाळा आला. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक रोखली. त्यात कालवे गोठले. माणसे बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. त्या उपासमारीत सुमारे वीस हजार माणसे गेली. आणि या काळोखात डिकेच्या सीलिअ‍ॅक मुलांची प्रकृती मात्र सावरली, असे सांगतात. शहर पावासाठी तळमळत होते आणि ही मुले पाव नसल्यामुळे बरी होत होती! १९४५ मध्ये पाव परतला, आणि त्याबरोबर त्यांचे मुरडे आणि जुलाबही परतले.

पुष्कळ ठिकाणी हा शोध दुष्काळाने लावला असे लिहितात. गोष्ट म्हणून ते छान आहे, पण आधीच्या वर्षांवर ते अन्याय करणारे आहे. संशय आधीचा होता. दुष्काळाने साक्ष दिली. आणि साक्षीवरही डिके थांबला नाही. व्हायर्स आणि फान डे कामर या सहकाऱ्यांबरोबर त्याने मुलांच्या शौचातील चरबी मोजली. गहू दिला की ती वाढे, काढला की उतरे. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्याने प्रबंध सादर केला. पुढे त्यांनी दाखवले की दोष गव्हाच्या सत्त्वात नाही, कणीक ज्याने चिकट होते त्या ग्लूटेनमध्ये आहे. त्याने या रोग्यांच्या लहान आतड्यातील मखमलीसारखी लव झडते आणि अन्न अंगी लागत नाही. १९६२ साली डिके वारला.

आपली ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ते ग्लूटेन नाही. भारतात हा विकार गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक आणि दक्षिणेत कमी आढळला आहे. प्रत्येक मुरड्याचा दोष पोळीला देण्याचे कारण नाही. कोणाला दूध सोसत नाही, कोणाला नासलेले अन्न बाधते. शंका आलीच तर रक्ताची तपासणी होते. मात्र त्याआधी आपल्याच मनाने गहू सोडला तर खूण पुसली जाते आणि डॉक्टर चकतो.

"ह्याला हे सोसत नाही हो," असे आपल्याकडच्या आयाही सांगत असतात. आपण हसून म्हणतो, "अहो, रोजचेच तर अन्न आहे!" हॉलंडमध्ये एकदा कोणीतरी हसला नाही. त्या न हसण्यावर किती मुले जगली असतील!