घाट, पद्मिनी आणि मागचे शॉकअप

चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८२५ मध्ये खानदेशात आलेल्या जेम्स औट्रमचं हे नाव. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची हाडं या घाटाने खिळखिळी केली. त्यात आमची प्रीमियर पद्मिनीही आली.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९६४ ला कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट आली. १९७४ ला तिची पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास ती बंद झाली. नावं बदलली, गाडी फारशी बदललीच नाही! म्हणून तर तिची कामं घरी जमायची.

मागे गाडीचं वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचं काम उसळी जिरवायचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, तिथे जोर मुरतो. नाना डिकी दाबून सोडायचे. गाडी एकदा उसळून थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेले समजा. मग आदल्या रात्री नटांना घासलेट, सकाळी पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक आणि एक्सलखाली सागाचे ओंडके. बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकदम. एकच नवा घातला तर घाटाच्या वळणावर गाडीचा भरवसा नाही, आणि मागच्या सीटवर आजी, आत्या, आम्ही पोरं.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. गाड्या जायच्याच हो. पण अंगणात पाहून पाहून शिकलेली ही विद्याही त्यांच्यासोबत चाललीय, याची रुखरुख जास्त वाटते...