मृत्यूच्या याद्या आणि आयुर्मानाचें गणित

अमुक मनुष्य केव्हां मरेल हें सांगणें अशक्य. परंतु सहस्र मनुष्यांपैकीं किती अमुक वयापर्यंत जगतील हें अदमासानें सांगतां येतें. हें शास्त्र कोणत्या कागदांतून निघालें तें जुन्या दप्तरांच्या संग्राहकांस उपयुक्त होईल म्हणून येथें संक्षेपानें देतों.

सतराव्या शतकांत लंडन शहरीं दर आठवड्यास मृतांच्या याद्या छापून निघत. इ. स. १६६२ त जॉन ग्राँट नामक व्यापाऱ्यानें त्या एकत्र मांडून ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबानें १०० जीवांपैकीं ३६ सहा वर्षांच्या आंत मरतात व ७६ व्या वर्षीं एकच उरतो. परंतु त्या काळीं या याद्यांत मृताचें वय लिहीत नसत! रोगांच्या नांवांवरून त्यानें बालमृत्यु अदमासले. पुढील आंकडे केवळ तर्काचे होत.

धूमकेतूमुळें प्रसिद्ध झालेल्या एडमंड हॅलेस याहून चांगलें साधन मिळालें. ब्रेस्लौ (हल्लींचें पोलंडांतील व्रोत्स्वाफ) येथील धर्मोपदेशक कॅस्पर नॉयमान यानें जमविलेल्या १६८७ ते १६९१ च्या नोंदींत वय दिलेलें होतें. त्यांवरून हॅलेनें १६९३ त कोष्टक रचिलें. वर्षाकाठीं सरासरी १२३८ जन्म. पैकीं ३४८ पहिल्याच वर्षीं मृत. सहा वर्षें पुरीं करणारे ६९२. मृत्यु मात्र ११७४. वरचे ६४ जण बादशहाच्या फौजभरतींत खर्ची पडत असावेत, असें त्यानें गृहीत धरिलें.

पुढें १८२५ त बेंजामिन गाँपर्ट्झ यानें दाखविलें कीं, प्रौढपणीं मृत्यूचा संभव वयाबरोबर गुणोत्तर श्रेढीनें वाढतो. अलीकडील गणनांत तो सुमारें आठ वर्षांनीं दुप्पट होतो. १८६० त मेकहॅम यानें त्यांत वयाशीं संबंध नसलेल्या मृत्यूंचें एक स्थिर पद मिळविलें. बाल्यावस्थेस मात्र हा नियम लागू पडत नाहीं.

हें लिहिण्यास एक खासगी कारणहि आहे. एका घराण्याच्या वंशावळीवरून व तीर्थोपाध्यायांच्या वहींतील लेखांवरून आम्हीं पूर्वजांचें सरासरी आयुर्मान काढिलें होतें. तें बरेंच मोठें आलें, व आम्हांस अभिमानहि वाटला. परंतु यात्रेस जो गेला तो वाढलेलाच असावयाचा. आणि अर्भकपणीं निवर्तलेल्यांस वंशावळींत बहुधा जागाच मिळत नाहीं. अर्थात् आमची सरासरी वांचलेल्यांची होती, जन्मलेल्यांची नव्हे. तें अनुमान आम्ही मागें घेतों.

सूत्र कितीहि सूक्ष्म असो, तें कागदाहून अधिक सांगत नाहीं. म्हणून वयासहित मृत्यूची नोंद असलेलें चिटोरें हातीं आल्यास तें क्षुल्लक समजून टाकूं नये, एवढीच विनंति. इत्यलम्.