जादा हप्ता कोणत्या खाती? १८७९ चा कर्जनिवारण कायदा आणि क्रेडिट कार्डाची बाकी

प्रस्तावना

क्रेडिट कार्डाची बाकी लवकर फेडावयाची असल्यास किमान देय रकमेपेक्षा थोडे अधिक भरावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. गणिताच्या दृष्टीने तो बिनचूक आहे. मात्र ऋणकोने भरलेला जादा रुपया मुद्दलापर्यंत पोहोचतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. कर्जव्यवहाराच्या इतिहासात हे गृहीत कधीच आपोआप खरे ठरलेले नाही. त्यासाठी कायदा करावा लागला. दख्खनमधील १८७९ चा कायदा, अमेरिकेतील २००९ चा कायदा आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश यांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दख्खनमधील खत आणि भरणा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने खते व हिशेबाच्या वह्या यांवर होता; ही कागदपत्रे हस्तगत करून जाळण्यात आली. कागदावरील या रोषाचे कारण कर्जाच्या हिशेबपद्धतीत सापडते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या खतावर दावा करण्यास ३ वर्षांची मर्यादा आली. परिणामी मुदत संपण्यापूर्वी खत नवे करून घेण्याची पद्धत रूढ झाली आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिले जाऊ लागले. मधल्या काळात कुळाने धान्याच्या किंवा रोखीच्या रूपाने केलेला भरणा खतावर नोंदविला जात नाही आणि त्याची पावतीही मिळत नाही, ही रयतेची मोठी तक्रार होती. फेड करूनही कर्ज कमी होत नसे, याचे मर्म येथे आहे.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि पुढे १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजेच 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट', संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या ४ जिल्ह्यांना तो लागू करण्यात आला. खतावरील आकडा अंतिम न मानता न्यायालयाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, अशी तरतूद त्यात होती. हिशेबाची रीत सांगणारे १३ वे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय. मुद्दल व व्याज यांची खाती स्वतंत्र ठेवावीत. साचलेले व्याज मुद्दलात मिळवू नये. भरणा प्रथम व्याजाच्या खाती जमा करावा आणि व्याज फिटून उरलेली रक्कम मुद्दलाच्या खाती जमा करावी, असे या कलमाने ठरविले. व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून अधिक होऊ नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही त्यात समाविष्ट होते. शिवाय पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. कर्जखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट पुढे शोधली गेली, हे खरे. तथापि जादा भरण्याची जागा कायद्याने निश्चित केली, हे या कायद्याचे श्रेय नाकारता येत नाही.

कार्डाचे कर्ज आणि 'किमान देय रक्कम'

१९५० मध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावर दरमहा पूर्ण रक्कम भरावी लागे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे सुमारे ६०,००० कार्डे मागणीविना घरोघर पाठविली. बाकी पुढील महिन्यावर ढकलण्याची मुभा हे या कार्डाचे वैशिष्ट्य होते. १९७८ च्या 'मार्क्वेट' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेस आपल्या मूळ राज्यातील व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांना लावण्याची मोकळीक दिली. त्यामुळे राज्याराज्यांच्या व्याजमर्यादांचा प्रभाव ओसरला. पुढील काळात किमान देय रक्कमही घटत गेली. काही कार्डांवर ती इतकी अल्प होती, की व्याज व शुल्क मिळून बाकी वाढतच राही. २००३ मध्ये अमेरिकी नियंत्रकांना याविरुद्ध मार्गदर्शन जारी करावे लागले.

२२ मे २००९ रोजी संमत झालेल्या 'कार्ड ॲक्ट'ने किमान रकमेपेक्षा जादा भरलेले पैसे सर्वसाधारणपणे सर्वाधिक व्याजदराच्या बाकीकडे वळविणे बंधनकारक केले. त्यापूर्वी ते अल्पदराच्या बाकीकडे वळवून महाग बाकी तशीच ठेवता येत असे. केवळ किमान रक्कम भरल्यास कर्ज फिटण्यास किती काळ लागेल आणि ३६ महिन्यांत फेडण्यासाठी दरमहा किती भरावे, हेही विवरणपत्रात छापणे आवश्यक ठरले.

भारतात रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत किमान रक्कम भरूनही बाकी वाढत जाईल अशा अटी ठेवण्यास मनाई केली; न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारण्यासही प्रतिबंध केला. १८७९ च्या १३ व्या कलमाशी असलेले याचे साम्य सहज लक्षात येते.

लहान जादा रकमेचे गणित

५०,००० रुपयांची बाकी, दरमहा ३ टक्के व्याज आणि बाकीच्या ५ टक्के किमान रक्कम असे उदाहरण घेऊ. नवी खरेदी, कर व शुल्के यांत धरलेली नाहीत. पहिला हप्ता २,५७५ रुपयांचा येतो. बाकी उतरते तसा किमान हप्ताही उतरतो. म्हणून केवळ किमान रक्कम भरणाऱ्याकडे ३० महिन्यांनंतरही सुमारे २६,००० रुपये बाकी राहतात. याउलट २,५७५ रुपयांचा हप्ता कायम ठेवल्यास त्याच ३० महिन्यांत कर्ज पूर्ण फिटते. त्यात दरमहा ५०० रुपयांची भर घातल्यास २३ महिने पुरतात आणि सुमारे ६,५०० रुपये वाचतात. म्हणजेच उतरत्या हप्त्याबरोबर खाली न येणे, हाच जादा भरण्याचा पहिला टप्पा होय. मात्र बाकी थकलेली असताना व्याजमुक्त मुदत संपुष्टात येते आणि नव्या खरेदीवरही व्याज चढते. त्या काळात कार्ड वापरणे सुरूच ठेवले, तर जादा रकमेचा लाभ त्यातच विरून जातो.

निष्कर्ष

सुप्याचा निरक्षर कुणबी आणि आजचा सुशिक्षित कार्डधारक यांची परिस्थिती समान नाही. पहिल्यास पावतीच मिळत नव्हती. दुसऱ्याच्या हाती दरमहा सविस्तर विवरणपत्र येते. परंतु दिलेला पैसा कोणत्या खाती जमा झाला, हा दोघांचाही प्रश्न एकच आहे. ऋणकोची काटकसर आणि हिशेबाचा न्याय्य नियम यांपैकी एकाच्या अभावी दुसरे निष्फळ ठरते. म्हणून काटकसरीचा उपदेश करताना विद्यार्थ्यांना विवरणपत्र व कार्डाच्या अटींतील भरण्याचा क्रम वाचावयास शिकविणे अगत्याचे आहे. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यास हिशेब मागण्याचा हक्क दिला होता. तो हिशेब वाचता येणे हे त्या हक्काचेच उर्वरित अंग होय.